धाकटीच्या अंगठ्याचं नख

आमच्या घरात सून पसंत करताना तोंड नंतर बघायचे, आधी बोटं बघायचे. धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला आम्ही सदलग्याला गेलो, तेव्हा माझ्या सासूबाईंनी पिशवीतनं गुंतलेल्या रेशमाचा एक गुंडा काढला आणि पोरीपुढं टाकला. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो, आमच्या शहापुरात तीच रीत. पोहे अजून चुलीवर होते. नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तिनं हात पदराला पुसले, गुंडा मांडीवर घेतला आणि पोहे येईस्तोवर सगळा गुंता सोडवून तारा पाटाच्या कडेवर सरळ मांडून ठेवल्या. एक तार तुटली नव्हती. "ही आमची," आत्ती म्हणाल्या आणि मगच त्यांनी पोह्यांना हात लावला. परत येताना मोटारीत माझ्या लक्षात आलं, की मी तिचं तोंड नीट बघितलंच नव्हतं.

ही माझी धाकटी जाऊ. मी जन्मभर तिला धाकटीच म्हणत आले, ती मला आक्का. तिच्याबद्दल लिहायला बसले आणि पहिल्यांदा तिच्या अंगठ्याचं नखच डोळ्यापुढं आलं, त्याला मी काय करू? लोक माणसाचे उपकार आठवताना अडल्या वेळचं अन्न आठवतात, दुखण्यातली सेवा आठवतात. मला नख आठवतं. ते आठवलं की माझा मला अजून राग येतो आणि तिच्याबद्दल पोटातनं माया दाटून येते. दोन्ही एकदमच येतं.

गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. आमच्या सोप्यात दोन खड्डामाग होते. जमिनीत खड्डा, विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे आणि तळाशी असलेल्या पावड्या दाबत राहायचं. एका मागावर दीर बसायचे. दुसऱ्यावर आमचे मालक बसायचे, पण झाडावरनं पडून त्यांचा खांदा निकामी झाला आणि ते पेठेत लुगडी पोचवायचं काम बघू लागले. मग त्यांच्या मागावर मी बसले. गल्लीतल्या बाकी बायका कांड्या भरायच्या, ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, लावायच्या. त्या धाग्यांतनं धोटा फेकून विणणारी मी एकटी. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू? कुणी गल्लीतनं जाताना डोकावलं की मी मुद्दाम जोरात ठोका द्यायची.

रेशमाचं एक असतं, कोरड्या हवेत ते तटातट तुटतं. म्हणून आम्ही खड्ड्यात रोज सकाळी पाणी शिंपडायचो. ओल्या मातीची गार हवा वर आली की तार मऊ राहते. शिवाय आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार-चार महिने थांबायचं नाव नाही, खड्ड्याच्या भिंतींना आपोआप पाझर फुटायचा. रेशमाला बरं म्हणून आम्हालाही बरं, असा आमचा हिशेब. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाय त्या ओलीत. तळवे पांढरे पडून सुरकुतायचे. त्याकडं कोण बघतंय!

त्या खड्ड्यात माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कधी पिवळं पडलं ते मला सांगता येणार नाही. आधी कडेला पिवळा डाग आला, मग नख जाड झालं, मग त्याच्या खालनं पिठासारखा भुगा पडायला लागला. दुखत नव्हतं. पावडी लागून नख मेलंय असं मी धरून चालले. दुखत नाही ते दुखणं नव्हे, एवढीच माझी अक्कल.

आता सांधणीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मागावरचा एक ताणा विणून संपत आला, की त्याच्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचं टोक जोडायचं. गाठ मारायची नाही. अंगठा आणि तर्जनी राखेत बुडवायची, दोन टोकं चिमटीत धरायची आणि पीळ द्यायचा. अशा हजारो तारा. दोन दिवस मान खाली. हे काम घरात धाकटी करायची, आणि तिच्यासारखं करणारी खासबागेपासून वडगावपर्यंत कुणी नव्हती. तिच्या पिळाची जागा मागनं डोळ्याला सापडायची नाही.

म्हणून आत्तींचा नेम होता. सांधणीच्या आदल्या दिवशी घरातल्या बायकांनी नखं काढायची. बोटांची काढायची आणि पायाचीही काढायची, कारण ताण्याभोवती फिरताना पाय तारांना लागतात. घरात एकच नऱ्हाणी होती, न्हाव्याकडं असतं तसलं नखं काढायचं छोटं पातं. ती मागाच्या खांबाला अडकवलेली असायची. नखं काढायचं काम माझ्याकडं, आणि क्रम मानाचा. आधी आत्तींची. मग माझी मी काढायची. मग धाकटीची, तीही मीच, कारण तिच्या नखाला कुस राहिली आणि रेशमाची तार ओढली गेली तर बोल मला लागणार. मी तिचा अंगठा असा घट्ट धरायची आणि कडेच्या कातड्यापर्यंत खोल कोरायची, की कधीकधी रक्त यायचं. ती "आई गं" म्हणायची. मी म्हणायची, "गप ग. रेशमाला लागल्यावर मला रडायला लावशील."

पुसायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पायाच्या जाड नखावरनं पातं थेट तिच्या अंगठ्यावर.

तिच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. त्या पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाची कड पिवळी झाली. मग तर्जनीची. ताण्याला द्यायची खळ कालवायचं कामही तिच्याकडंच होतं, त्यामुळं हात सारखे त्या तांदळाच्या चिकट पेजेत. नख कडेनं सुटायला लागलं, खडबडीत झालं. आम्ही घरचे उपाय केले आणि त्यात सगळ्यात मोठा शहाणपणा माझा. हळद-लोणी लावून वर ओलं फडकं गच्च बांधायचं. फडकं सुकलं की मी त्यावर पाणी शिंपडायची, खड्ड्यात शिंपडतो तसं! दोन महिने मी तो अंगठा ओला ठेवला. फडकं सोडलं तेव्हा नखाचा अर्धा भाग भुसभुशीत झाला होता.

दिवाळीनंतरच्या सांधणीला तिनं दोन दिवस मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी दिरांनी नवा ताणा पुढं ओढला आणि तारा सुटायला लागल्या. एक सुटली, दहा सुटल्या, मग मोजायचं कारणच उरलं नाही. तिच्या खडबडीत नखानं पिळाच्या जागीच रेशीम कातरलं होतं. दीर मागावरनं उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. धाकटी अंगठा मुठीत लपवून भिंतीला टेकली होती. आत्तींनी तिची मूठ उघडली, उजेडात धरली.

"हे काय गं हे?"

तिनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले. मला ते शब्द अजून पाठ आहेत. "ह्ये सदलग्याचं दुखणं हाय आत्ती. आमच्या घरात कुणाच्या नखाला काय झालंय कवा? तिकडनंच घिऊन आल्या ह्या."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. काहीतरी विचारल्यासारखं बघितलं आणि डोळे खाली घातले. मला वाटलं, चूक कळली हिची हिला.

दिरांनी तेवढं केलं. म्हणाले, "आदी दवाखान्यात दावा, मग काय बोलायचं त्ये बोला." मग मलाच तिच्याबरोबर पाठवलं. कॅम्पाच्या बाजूला एका दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, धारवाडकडच्या. त्या कानडीत बोलायच्या, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो आणि कुणाचं काही अडायचं नाही. त्यांनी धाकटीचा अंगठा कागदावर धरला, बारीक पात्यानं नख खरवडलं, भुगा कागदावर पडला. तो त्यांनी आम्हाला दाखवला.

"ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर येते, चपलेच्या आतल्या बाजूला येते, त्याच जातीची. तिला ओल लागते आणि झाकलेली जागा लागते. नखाखाली दोन्ही मिळालं तर ती तिथं संसार थाटते. हात दिवसभर कशात असतो?"

धाकटीनं खळीचं सांगितलं. मी हळद-लोण्याचं सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. बाईंनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही तिला दोन महिने जेवायला घातलं की हो!"

मग त्यांनी नीट समजावलं. इतकं सोपं करून कुणी शिकवलेलं मला आठवत नाही, म्हणून त्या बाईंना मी अजून मनातनं हात जोडते. मेलेलं नख औषधानं परत चांगलं होत नाही, म्हणाल्या. मुळाशी नवं नख चांगलं यायला हवं आणि ते वर सरकत सरकत जुन्याला बाहेर काढतं. हाताच्या नखाला सहा महिने, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. तेवढा धीर धरायचा. जुनं नख कानसून पातळ ठेवायचं, मलम रोज लावायचं, आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडायचं नाही. हात ओले झाले की लगेच कोरडे करायचे. नखाच्या मुळाशी जी कातड्याची बारीक किनार असते ना, ते नखाचं दार. ते कापायचं नाही, कोरायचं नाही. दार फोडलं की चोर आत.

मी त्या दारावरच गेली दोन वर्षं नऱ्हाणी चालवत होते.

"नखं कशानं काढता?" त्यांनी विचारलं.

"नऱ्हाणी हाय एक घरात," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांना एकच?"

"व्हय."

"हिच्या आधी कुणाची काढतात?"

धाकटी आपल्या अंगठ्याकडं बघायला लागली. उत्तर मीच द्यायचं होतं. मी म्हणाले, "मानानं काढतो. आदी आत्तींची, मग माझी, मग हिची." म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा पडला की मला खुर्चीवर बसवेना. बाईंनी चष्मा वर केला.

"तुमचे पाय बघू."

मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले, लुगडं खाली सारलं. "माझ्या पायाला काय झालंय? काय न्हाय. ठणठणीत हाय मी."

त्यांनी आग्रह केला नाही. मलमाची डबी दिली, नऱ्हाणी उकळत्या पाण्यात घालायला सांगितली, प्रत्येकीची वेगळी करायला सांगितली. "घरात कुणाच्या तरी नखात हे आधीपासून आहे," एवढंच म्हणाल्या. "ते माणूस शोधा. नाहीतर हिचं बरं झालं तरी परत होईल."

येताना धाकटी वाटभर माझ्या पुढं चालत होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. पाय दाखवला तर आत्ती मला मागावरनं उठवणार. मागावरनं उठवलं तर मी या घरात कोण? कांड्या भरणारी दहा जणी मिळतात.

घरी आल्या आल्या आत्तींनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

मी म्हणाले, "भायरनं आलंय म्हणाली. वल्लीमुळं वाढलंय."

खोटं. माझ्या पाठीमागं धाकटी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, दवाखान्यातलंही आणि आत्ताचंही. एक शब्द बोलली असती तर संपलं होतं. ती न्हाणीकडं गेली आणि तिनं पायावर पाणी घेतलं.

आत्ती म्हणाल्या, "सदलग्याला पत्र टाका. भाऊ येऊन न्हिऊ दे. नख बरं झालं की बघू."

त्या "बघू"चा अर्थ गल्लीतल्या पोराटोरांनाही कळत होता. सांधणीसाठी आणलेली सून सांधणीला नाही म्हणून परत गेली, तर तिला आणायला कोण जाणार? दीर दोन दिवस जेवले नाहीत. पण आईपुढं बोलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. खरं सांगायचं तर एकीची होती, आणि ती मागावर बसून ठोके देत होती.

सहाव्या दिवशी तिचा भाऊ आला. धुळीनं भरलेलं धोतर, हातात पिशवी, तोंड असं की यानंच काही गुन्हा केलाय. आत्तींनी त्याला पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. धाकटीनं बोचकं बांधलं, देवाला नमस्कार केला, आत्तींच्या पाया पडली आणि मग माझ्याकडं आली. मी मागावर होते. पाय खड्ड्यात. उठले नाही, मुद्दाम. पाया पडताना तिला नख दिसू नये म्हणून.

ती काठावर बसली. कनवटीला लावलेली मलमाची डबी तिनं काढली. मग दुसरी एक, तपकिरीची जुनी डबी. ती माझ्या मांडीवर ठेवली आणि हळू म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल असं.

"निम्मं ह्यात काढलंय, आक्का. रोज लावा. आन् खड्ड्यात पानी घालू नगा. तुमचं नख वल्लीत बरं व्हायचं न्हाय."

मी डबी उघडून बघितली. मलमच होतं.

दोन वर्षं सणासुदीला, वाराला ती माझ्या पाया पडत होती. डोकं माझ्या अंगठ्यावर टेकत होती. नख तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "सदलग्याचं दुखणं" मी म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडं का बघितलं, ते मला त्या मलमाच्या डबीपाशी कळलं. आणि जाताना ती भांडली नाही, सुनावलं नाही, स्वतःच्या औषधातलं निम्मं काढून दिलं. देवा! मला कुणी चारचौघांत थोबाडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

मी धोटा टाकला. खड्ड्यातनं पाय वर काढले आणि तशीच, ओल्या मातीच्या पायांनी, सोप्याच्या मध्यावर जाऊन आत्तींपुढं पाय पुढं केला.

"आत्ती, ह्ये बघा. माझं हाय ह्ये. तिच्या आदीपास्नं माझं हाय. मीच तिला दिलंय, नऱ्हाणीनं. डॉक्टरीणबाई भायरचं म्हणाल्या न्हायत, मी खोटं बोलले. पाठवायचं तर मला पाठवा."

बोलताना मी रडत होते की ओरडत होते ते मला माहीत नाही. दीर म्हणतात, ओरडत होते. सगळी गल्ली दारात आली होती.

आत्ती खाली वाकल्या. माझा पाय उजेडाकडं वळवला, नखावरनं बोट फिरवलं. मग उभ्या राहिल्या.

"आन् मी तुला घरात शाणी समजत हुते," म्हणाल्या. मग धाकटीच्या भावाकडं वळल्या. "बसा पावणं. च्या टाकते. पोरगी कुटं जात न्हाय." आणि आत जाता जाता, माझ्याकडं न बघता, "पाय धू आदी. आन् पूस कोरडं."

मला मागावरनं उठवलं नाही. आत्ती कडक होत्या, पण डोक्यानं पक्क्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिरांकडनं दोन्ही खड्डे कोरडे करून घेतले, तळाशी वाळू टाकली, वर फळी बसवली. रेशमाला ओल पाहिजे तर ताण्याखाली ओलं पोतं पसरायचं, माणसाच्या पायाखाली नाही, असं ठरलं. गल्लीत आधी हसले, मग एकेक येऊन बघून गेले, मग त्यांच्याही खड्ड्यांत वाळू पडली. लोहाराकडनं दोन नव्या नऱ्हाण्या करून आणल्या, प्रत्येकीच्या दोऱ्याला वेगळा रंग. वापरली की उकळायची, उन्हात ठेवायची. खळ कालवायला लाकडी उलथनं आलं. चपला रोज उन्हात उलट्या घालायच्या. जेवायला उठायच्या आधी आम्ही पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्यानं पुसायचो, आणि दीर म्हणायचे, "आमच्या घरात आता देवांपरीस बोटांचीच पूजा जास्त."

दुपारी ऊन अंगणात आलं की मी आणि धाकटी शेजारी शेजारी बसायचो. आपापलं नख आपण कानसायचं, मलम लावायचं, वाळू द्यायचं. तिचं नख काढायला मी परत कधी हात लावला नाही. पहिले दोन महिने काहीच दिसेना. मला धीर नाही, मी डबी फेकायला निघायची, ती हसायची. "आक्का, नख हाय त्ये. तुमच्या शिव्या ऐकून भराभरा वाढणार न्हाय." मग एके दिवशी तिनं अंगठा माझ्या नाकासमोर धरला. मुळाशी तांदळाच्या कणीएवढी गुलाबी, गुळगुळीत पट्टी आली होती. मी तिचा हात धरून घरभर सगळ्यांना दाखवत सुटले. आत्तींना दाखवायला देवघरात शिरले, त्यांनी जप थांबवून बघितलं.

उन्हाळा सरेस्तोवर तिचा अंगठा आणि तर्जनी, दोन्ही बोटं स्वच्छ झाली. माझा पायाचा अंगठा मात्र पुरता कधी सुधारला नाही. निम्मा सुधारला, निम्मा तसाच आहे. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, जुनं झालेलं पायाचं नख हट्टी असतं. माझ्यासारखंच.

नख बरं झाल्यावरची पहिली सांधणी तिनं केली तेव्हा मी तिच्या शेजारी बसून तारा वेगळ्या करून देत होते. राखेत बोट, चिमूट, पीळ. एकही तार अडखळली नाही. मला राहवलं नाही. विचारलं, "तुला पयल्यापास्नं ठावं हुतं. मग त्या दिवशी बोलली का न्हाईस गं? घालवत हुते की तुला मी."

तिनं तारांवरनं नजर काढली नाही.

"मला घालवलं आस्तं तर सदलगा हुता, आक्का. भाऊ हाय, आई हाय. तुमास्नी मागावरनं उठवलं आस्तं तर तुमी कुटं जाणार हुता?"

माझ्या हातातल्या तारा तशाच राहिल्या. इन्फ्लुएंझाच्या साथीत आठ दिवसांत माझे आईबाप आणि दोन भाऊ गेले होते. गुंजीच्या एका मामानं मला वाढवलं, लग्न लावून दिलं आणि तोही गेला. हे मी या घरात कधी कुणापाशी बोलले नव्हते. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी जायच्या, मी मागावर बसून ठोके द्यायची. लोक म्हणायचे, हिला कामाची हौस भारी. मीही तेच म्हणायची. ही पोरगी दोन वर्षं घरात होती आणि तिनं ते ठोके ऐकले होते.

श्रावण लागला. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटीचा भाऊ आला. या खेपेला धोतर धुतलेलं होतं आणि आत्तींनी स्वतः पुढं होऊन पाट मांडला. चहा पिऊन झाल्यावर तो आत्तींना म्हणाला, "दोगींस्नी न्ह्यायला आलोय. आईनं सांगितलंय, धाकट्या भैणीला आन्, थोरल्या भैणीला बी आन्. एकटी आन्लास तर दारात घेणार न्हाय म्हणाली."

मी मागावर होते. मला आधी राग आला, मला कशाचाही आधी रागच येतो. "मी कशाला? माझं लुगडं निम्म्यात हाय. काठ कोण बगणार? उगं काय तरी—"

धाकटी माझं बोचकं घेऊन दारात उभी होती. कधी बांधलं कुणास ठाऊक. आत्तींनी माझ्या हातातला धोटा काढून घेतला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चार दिस खड्ड्याभायेर पाय वाळू देत. आन् लवकर निघा, मोटार चुकंल."

मी उठले. धाकटीच्या मागोमाग उंबरा ओलांडला, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पंचमीला माहेरी निघाले.